निळ्या गाण्याचा धनी कोण?

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या एका गाण्याच्या प्रकाराला ब्लूज म्हणतात. ब्लू म्हणजे निळा. इंग्रजी भाषेत निळा रंग खिन्नतेचा मानला जातो, म्हणून दुःखाच्या गाण्याला हे नाव पडले. आपल्याकडे निळा रंग दुःखाचा नाही. तो आपल्या झेंड्याचा आहे, आणि झेंडा पाहून आंबेडकरी माणसाची मान खाली जात नाही, वर होते. हे केवळ शब्दांचे साम्य आहे, हे आम्हाला कळते. पण ब्लूज गाणारा काळा माणूस आणि भीमगीत गाणारा आपला शाहीर यांच्यात खरेखुरे नातेही आहे. ते ओळखल्याशिवाय आपल्या महाकवी वामनदादा कर्डकांचे मोठेपण आणि त्यांच्यावर झालेला अन्याय या दोन्ही गोष्टी नीट ध्यानात येणार नाहीत.

गिटार घेऊन ब्लूज गाणारा माणूस म्हणजे कोण? मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या मळ्यांवर बटईने राबणारा शेतमजूर. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली, पण गुलामांना जमीन मिळाली नाही. जमीन गोऱ्या मालकाची, बी-बियाणे त्याचे, किराणा दुकान त्याचे आणि हिशेबाची वहीही त्याचीच. वर्षाच्या शेवटी मजुराच्या नावावर कर्जच निघायचे. आपल्या महारकी वतनाची आठवण व्हावी, असाच तो प्रकार. हा मजूर शनिवारी रात्री आपल्याच लोकांपुढे गायचा. गिटार विकत घेण्याआधी पोरे घराच्या भिंतीला खिळे ठोकून एकच तार ताणत, तिच्याखाली बाटली सरकवून ती छेडत. पुढे जगभर गाजलेल्या बी. बी. किंगची सुरुवात अशाच एका तारेवर झाली. एकाच तारेचे आपले तुणतुणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

गाण्याची रीतही ओळखीची वाटेल अशीच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. गाणारा थांबला की गिटार बोलते. आपल्या शाहिराच्या मागे झीलकरी असतात, तसेच त्याच्या मागे त्याचे वाद्य असते. चाल सगळ्यांची, बोल ज्याचे त्याचे.

म्हणजे ब्लूज गाणाऱ्याच्या ठायी तीन गोष्टी असतात. तो दिवसा राबतो आणि रात्री गातो. तो मालकासाठी गात नाही, आपल्या माणसांसाठी गातो. आणि तिसरी गोष्ट ही की, त्याचे गाणे खपू लागले की पैसा भलत्याच्याच पेटीत जातो. या तिन्ही खुणा घेऊन महाराष्ट्रात शोधायला निघालो, तर वाट थेट नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी जाते.

देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामन तबाजी कर्डक यांचा जन्म झाला. आईचे नाव सईबाई. घर महारवाड्यातले, जगणे गावकीच्या कामावर आणि पडेल त्या मजुरीवर. वडिलांचे छत्र लहानपणीच गेले. पोटाची भ्रांत असलेल्या घरात पाटी-पेन्सिल कुठून येणार? वामनदादा शाळेत शिकले नाहीत. मराठीतल्या एका थोर कवीचे बालपण आणि तारुण्याची सुरुवात अक्षरओळखीशिवाय गेली, ही गोष्ट त्या काळच्या व्यवस्थेचा पुरावा म्हणून आपण कायम जपून ठेवली पाहिजे.

पण नाशिक जिल्ह्याने त्यांना शाळेबाहेरचे शिक्षण दिले. २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामनदादा आठव्या वर्षात होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. याच जिल्ह्यातून शाहीर भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला आणि गावोगाव फिरला. तमाशातल्या गण-गवळणीची चौकट घेऊन तिच्यात गणपती-कृष्णाऐवजी पाणवठा, शाळा, मेलेली गुरे ओढण्याचे काम आणि मानवी हक्क आणून बसवणारे हे जलसे होते. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे मत चळवळीत आजही सांगितले जाते. ज्या समाजाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा. त्या मातीत वामनदादा वाढले.

पुढे पोटासाठी मुंबई गाठावी लागली. मिसिसिपीचा काळा मजूर कापसाच्या मळ्यातून निघून शिकागोच्या कारखान्यात गेला. आपला माणूस कोरडवाहू गावातून निघून मुंबईच्या कापड गिरणीत आला. कापूस दोन्हीकडे होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. त्या मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला शिरकाव मिळाला, तो खालच्या खात्यात. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी जास्त होती. पण तिथे सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाने सूत बाटेल म्हणून त्याला त्या खात्यात घेत नसत. हा भेद बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी चव्हाट्यावर आणला. गिरणीचे यंत्र विलायतेचे, पण विटाळ आपल्याच देशाचा होता.

वामनदादांनी गिरणीत काम केले, मिळेल ती इतर कामे केली आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत दिवस काढले. सिनेमात काम करावे, अशी हौसही त्यांना होती. समता सैनिक दलात त्यांची ऊठबस सुरू झाली. त्याच काळातली एक घटना चळवळीतल्या सगळ्यांना माहीत आहे. एका माणसाने गावाहून आलेले पत्र वाचून दाखवण्यासाठी वामनदादांच्या हातात दिले. त्यांना ते वाचता येईना. पत्र परत करताना त्यांना रडू आले. त्या दिवसापासून त्यांनी ठरवले की अक्षर शिकायचे. दलातल्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि मुंबईच्या रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते जोडाक्षरे शिकले. वाण्याच्या, शिंप्याच्या, हॉटेलवाल्याच्या पाट्या ही त्यांची शाळा. प्रस्थापितांच्या साहित्य संमेलनांत मिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी अक्षरासाठी एवढी किंमत मोजली असेल?

३ मे १९४३ या दिवशी मुंबईच्या नायगाव भागात वामनदादांनी आपले पहिले गीत लिहिले आणि गायले. एका हिंदी गाण्याच्या चालीवर बसवलेले ते विडंबन होते. लोकांना ते आवडले आणि वीस वर्षांच्या वामनला आपले काम सापडले. याच १९४३ साली मिसिसिपीच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा मॅकिन्ले मॉर्गनफिल्ड नावाचा एक काळा तरुण आगगाडीने शिकागोला पोहोचला, कागदाच्या कारखान्यात कामाला लागला आणि रात्री गिटार वाजवू लागला. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून त्याने विजेची गिटार धरली. जग त्याला मडी वॉटर्स या नावाने ओळखते. या दोघांना एकमेकांचे नाव कधी कळले असेल, असे नाही. पण एकाच वर्षी दोन खंडांत, खेड्यातून हाकलल्या गेलेल्या दोन मजुरांनी शहरात आपला आवाज वर काढला, ही नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्या नात्याच्या आधी गाण्याचे नाते जुळून गेले होते.

वामनदादांच्या स्वतःच्या आयुष्यात दुःख कमी नव्हते. पहिला संसार मोडला. मीरा नावाची पोर हाती लागली न लागली तोच गेली. पुढे शांताबाईंशी लग्न झाले आणि त्यांनी दादांच्या फिरत्या संसाराला साथ दिली. एवढ्या दुःखावर कोणताही कवी आयुष्यभर विरहगीते लिहीत बसला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. ब्लूज गाणाऱ्यांनी तसे पुष्कळ केले. गेलेली बायको, चुकलेली गाडी, रिकामा खिसा हेच त्यांचे विषय. पण ते गाणे ऐकणाऱ्या काळ्या माणसाला त्यात आपल्या सगळ्या जातीची कथा ऐकू यायची. वामनदादांनी ही वाट उलट्या बाजूने चालली. त्यांनी समाजाचे दुःख सांगितले आणि त्यात त्यांचे स्वतःचे दुःख विरघळून गेले. त्यांच्या गीतातली लेक, माय, माहेर ही समाजाची होतात आणि भीम हा घरातला बाप होतो.

त्यांच्या गीतांचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतील. पहिला अर्थातच बाबासाहेबांवरील गीतांचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पोरक्या झालेल्या समाजापुढे प्रश्न होता की बुद्धाचा धम्म खेड्यातल्या म्हातारीपर्यंत पोहोचवायचा कसा? भिक्खू थोडे, पुस्तके महाग, वाचणारे त्याहून थोडे. ते काम गायकांनी केले. पंचशील काय, बुद्ध कोण, देव्हारा का काढायचा, हे वामनदादांच्या आणि त्यांच्यासारख्या शाहिरांच्या गीतांनी ओव्यांच्या भाषेत घरोघर नेले. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला, तेव्हाही भाषणांच्या जोडीला गाणे होतेच.

दुसरा प्रकार हिशेब मागणाऱ्या गीतांचा. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, तुमच्याकडे साठलेल्या धनात आमचा वाटा कुठे आहे, असे विचारणारे त्यांचे गीत आजही प्रत्येक जयंतीत ऐकू येते. अर्थशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ जो प्रश्न शंभर पानांत मांडतात, तो या गाण्याने चार कडव्यांत मांडला आणि तोही नाव घेऊन. राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात देशाच्या साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, असे म्हटले आहे. आम्ही कायद्याच्या वर्गात ते कलम शिकलो, पण त्याचा अर्थ समाजाला वामनदादांनी आधीच शिकवून ठेवला होता.

तिसरा प्रकार आपल्याच माणसांचे कान धरणाऱ्या गीतांचा. बाबासाहेबांच्या मताची पाच माणसे जरी खरोखर असती, तर चित्र वेगळे दिसले असते, असे सांगणारे त्यांचे गीत आपल्या पुढाऱ्यांनी व्यासपीठावर बसून ऐकले आणि टाळ्याही वाजवल्या. त्यातला मार कोणाला आहे, हे त्यांना कळले नसेल, असे आम्हाला वाटत नाही. गटातटांत विभागलेल्या रिपब्लिकन चळवळीवर एवढी अचूक टीका आमच्यासारख्या स्तंभ लिहिणाऱ्यांना जमलेली नाही.

हे सगळे त्यांनी कसे केले? एसटीने, बैलगाडीने, पायी. ज्या गावी बोलावले, त्या गावी गेले. कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम, चटणी-भाकरीचे जेवण, रात्रभर गायन आणि सकाळी पुढचे गाव. बिदागी म्हणून जे हातावर पडेल, ते खरे. गीत मागायला आलेल्या गायकाला त्यांनी गीत दिले. शिष्य घडवले, त्यांना चाली दिल्या. हजारो गीते लिहून झाली. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह १९७३ साली निघाला, पुढे 'मोहळ' आणि 'हे गीत वामनचे' आले, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आले. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद समाजाने त्यांना दिले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली.

आता तिसऱ्या खुणेकडे येऊ. १९८० नंतर कॅसेटचा जमाना आला. रेडिओने आणि बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी भीमगीतांना जो दरवाजा उघडला नव्हता, तो स्वस्त कॅसेटने उघडला. हातगाड्यांवर, एसटी स्टँडवर, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लाखो लोकांनी त्या विकत घेतल्या. गाणे घराघरात गेले, हे चांगलेच झाले. पण गाणे ज्या प्रमाणात वाजले, त्या प्रमाणात गीतकाराच्या घरी काय गेले? वामनदादा अखेरपर्यंत साध्या घरात, साध्या कपड्यांत राहिले, एवढे सांगितले तरी पुरे. देशाच्या तिजोरीतला वाटा मागणाऱ्या कवीला स्वतःच्या गाण्यातला वाटा मागायला समाजाने कधी शिकवले नाही.

आम्ही वकिली करतो. शाहिरांनी सही केलेले कागद आमच्याही टेबलावर आले आहेत. अर्ध्या पानाचा मजकूर, गाण्यांची यादी नाही, मुदत नाही, ठोक रक्कम तेवढी लिहिलेली आणि खाली सही. काही ठिकाणी तर सहीऐवजी अंगठा. मिसिसिपीच्या मळ्यातली हिशेबाची वही आणि हा कागद यांत आम्हाला फारसा फरक दिसला नाही.

अमेरिकेत काय घडले? १९१२ साली डब्ल्यू. सी. हॅन्डी या काळ्या संगीतकाराने आपल्या पहिल्या गाजलेल्या ब्लूज रचनेचे सगळे हक्क अवघ्या ५० डॉलरला विकले. कमाई दुसऱ्यानेच केली. तुरुंगातून बाहेर आलेला गायक लेडबेली १९४९ साली हलाखीत वारला आणि पुढच्याच वर्षी त्याचे गाणे गोऱ्या गायकांच्या तोंडून अमेरिकेत सर्वाधिक खपले. ब्लूज गिटारवादकांचा शिरोमणी मानला जाणारा रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली २७ व्या वर्षी मेला. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली होती. १९९० साली त्यांचा संच निघाला आणि लाखोंनी खपला. मग वारस कोण, असा दावा उभा राहिला. लग्नाबाहेर जन्मलेला त्याचा मुलगा खडीचा ट्रक चालवून जगत होता. खालच्या न्यायालयाने १९९८ साली आणि मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्यालाच वारस ठरवले. बाप मेल्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळाने गाण्याचा वाटा घरी आला. उशीर झाला, पण आला. कारण कोणीतरी कागद जपले होते, कोणीतरी साक्षीला उभे राहिले होते आणि कोणीतरी वकीलपत्र घेतले होते.

आपला कायदाही गरिबाच्या बाजूने बोलत नाही, असे नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. हक्क मिळवण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. गीत लिहिले की हक्क जन्मतो. चाल दुसऱ्याची असली, तरी शब्द ज्याचे त्याचेच राहतात. चालीचा हक्क वेगळा आणि शब्दांचा वेगळा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्यात कोणते गीत, कोणता हक्क, किती मोबदला हे लिहावे लागते आणि मुदत लिहिली नसेल, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून ती पाचच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने तर ध्वनिमुद्रणातल्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा ठेवला. तो वाटा नवीन करारात सोडून देतो म्हटले, तरी सोडता येत नाही. आणि ५७ वे कलम सगळ्यात मोलाचे आहे. हक्क विकला, तरी हे गीत माझे आहे, असे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. २०१२ पासून हे दोन्ही अधिकार त्याच्या पश्चात वारसही बजावू शकतात.

कायदा शिकलेला नसताना वामनदादांनी या ५७ व्या कलमाची तजवीज आपल्या पद्धतीने करून ठेवली होती. त्यांच्या गीतांच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येते. तुकोबांनी, कबिरांनी जी रीत पाळली तीच ही. ज्याच्याकडे दस्त नाही, सातबारा नाही, त्याने आपल्या शेताच्या बांधावर स्वतःच दगड रोवावा, तसे ते नाव आहे. गाणे पूर्ण गायले, तर कवीचे नाव घ्यावेच लागते.

पण आज होते काय? आमच्या मीरा-भाईंदरमध्येही १४ एप्रिलला मिरवणुका निघतात. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उठला, चाळीतल्या खोल्या सुटल्या आणि पुष्कळ कुटुंबे मीरा रोड, भाईंदर, नालासोपाऱ्याकडे सरकली. त्यांच्या सामानाबरोबर ही गाणीही आली. आज ती मोठ्या भोंग्यांवर वाजतात. पहिले कडवे वाजते, त्यात ढणढण ताल मिसळतो, पोरे नाचतात आणि गाणे शेवटच्या कडव्याला पोहोचायच्या आत दुसरे लागते. म्हणजे जिथे कवीचे नाव आहे, नेमके तेच कडवे कापले जाते. मोबाईलवर ऐकावे, तर गायकाचे नाव मोठे, कंपनीचे नाव त्याहून मोठे आणि गीतकाराच्या जागी अनेकदा 'पारंपरिक' हा शब्द. काल-परवापर्यंत आपल्या वस्त्यांत मुक्कामाला येणारा कवी पारंपरिक कसा झाला? ज्याला धनी नाही, ते पारंपरिक. गाण्याला पारंपरिक म्हणणे म्हणजे त्याच्या धन्याचे नाव दप्तरातून खोडणे होय.

कोणी म्हणेल, वामनदादांनी पैशासाठी लिहिले नाही, मग तुम्ही वकील लोक मध्येच हिशेब कशाला आणता? हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. दादांनी पैसा मागितला नाही, हे त्यांचे मोठेपण झाले. त्या मोठेपणाचा फायदा तिसऱ्याच माणसाने घ्यावा, असा त्याचा अर्थ निघत नाही. वेठबिगारीलाही एकेकाळी सेवाच म्हणत होते. आणि हा प्रश्न एकट्या वामनदादांचा नाही. आज गावोगाव गाणारे तरुण शाहीर, तरुण गायिका, रॅप करणारी आपली मुले यांच्यापुढेही तेच अर्धे पान येते आहे. फक्त आता ते कागदावर नसते. मोबाईलच्या पडद्यावर 'मान्य आहे' म्हणून बोट टेकवायचे असते.

म्हणून समाजबांधवांपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. जयंती मंडळांनी कार्यक्रमात गीत सुरू होण्यापूर्वी गीतकाराचे नाव पुकारावे. पैसे न घेता हौशी मंडळाने सादर केलेल्या गीताला कायद्याच्या ५२ व्या कलमाने सूट दिली आहे; त्यामुळे गाणे बंद पडेल, ही भीती कोणी बाळगू नये. फक्त शेवटचे कडवे गाळू नका. जे तिकीट लावतात, जे चित्रफिती टाकून जाहिरातीचा पैसा घेतात, त्यांनी लेखी हिशेब द्यावा आणि तो मागण्याची लाज कोणत्याही शाहिराच्या वारसाला वाटू नये. ज्या घरांत वामनदादा मुक्कामाला राहिले, तिथे त्यांच्या हातचे कागद, वह्या, जुन्या कॅसेट अजून असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणते गीत गायले गेले, याची नोंद करून ठेवावी. उद्या न्यायालयात हाच पुरावा होईल. आणि आपल्या प्रत्येक तालुक्यात आता कायद्याची पदवी घेतलेली मुले-मुली आहेत. बाबासाहेबांच्या पुण्याईने अंगावर काळा कोट आला आहे. तर वर्षातून एक दिवस त्यांनी आपल्या भागातल्या शाहिरांचे करार विनामूल्य वाचून द्यावेत. मीरा-भाईंदरमध्ये आम्ही आणि आमचे सहकारी हे काम करायला तयार आहोत.

ब्लूज गाणाऱ्या काळ्या माणसाला जगाने टाळ्या दिल्या आणि हिशेब मात्र त्याच्या नातवंडांना कोर्टात जाऊन मागावा लागला. आपण तेवढी वाट पाहू नये. २०६४ ला अजून अवकाश आहे. वामनदादांनी समाजाला देशाच्या संपत्तीत वाटा मागायला शिकवले. तो वाटा मागायला आपण उभे राहू, तेव्हा आपल्याच घरातली हिशेबाची वही कोरी असता कामा नये.